घरटी चार झाडं

मार्तीझनं भिंग डोळ्याला लावलं, पान उलटं केलं आणि तिच्या तोंडून अशी सणसणीत शिवी निघाली, की खाली गल्लीतून चाललेल्या पाद्रीबाबांनी वर बघून छातीवर क्रूस काढला.

लाल कोळी! टाचणीच्या टोकाहून लहान असे ते ठिपके पानाच्या पाठीवर आरामात हिंडत होते, जणू गच्ची त्यांच्या बापाची. वरच्या बाजूनं पान पिवळ्या टिपक्यांनी भरलेलं. एक नाही, दोन नाही... खालची सगळीच पानं तशी. आणि ही काही शोभेची झाडं नव्हती. ही तिची गांजाची चार झाडं होती. माल्टात कायद्यानं घरटी चारच लावता येतात, ती. छातीएवढी उंच, नुकत्याच मंजिऱ्या धरू लागलेली.

मार्तीझ काही रडत बसणारी मुलगी नव्हती. दिवसभर ती गावाबाहेरच्या पॉलीहाऊसमध्ये टोमॅटो सांभाळायची, आणि तिथल्या किडी तिची चाहूल लागली की स्वतःहून आत्महत्या करतात, असं तिचे सोबती म्हणायचे. बाह्या सरसावून ती पाण्याचा पाइप घ्यायला वळली, तोच शेजारच्या गच्चीवर दगड कापायची करवत किंचाळली. पिवळट धुळीचा लोट कठड्यावरून आला आणि थेट तिच्या झाडांवर बसला.

झालं! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"ओ पिठाची गिरणी! बंद करा ते!"

करवत थांबली. धुळीतून एक माणूस उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. फक्त डोळे तेवढे काळेभोर, आणि ते हसत होते.

"मला म्हणालात?"

"नाही, कबुतरांना म्हणाले."

"कबुतरं केव्हाच उडाली. मीच उरलोय." त्यानं हात पुढे केला, हाताकडे पाहिलं आणि पँटला पुसून पुन्हा पुढे केला. पँट हातापेक्षा पांढरी होती. "विस्तीन. मावशीचं हे घर आता मला आलंय. गच्चीवर एक खोली बांधतोय."

"बांधा की! महाल बांधा. पण कोरड्या हवेत वरून धूळ बसली की लाल कोळ्यांचं फावतं, माहितीये? माझी झाडं खाऊन चाललेत ते!"

"झाडं?" तो टाचा उंचावून कठड्यावरून डोकावला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! माझ्याकडेही आहेत चार. आणि राग मानू नका, पण माझी जरा जास्तच झकास आलीत. वर साखर चढलीय. आत्तापासून!"

"साखर? ऑगस्टच्या सुरुवातीला?"

"या ना. बघाच."

मार्तीझनं कठड्यावर हात टेकले आणि पाय टाकून पलीकडे उतरली. ऑलिव्ह तेलाच्या जुन्या डब्यांत त्याची चार झाडं उभी होती, आणि शेंड्याशेंड्यावर रेशमी झिलई उन्हात चमचमत होती. विस्तीन बाजूला उभा राहिला, पहिल्या पोराच्या बारशाला उभा राहावा तसा.

"मित्र म्हणाला होता, शेंडे चमकायला लागले की समजायचं, माल अव्वल!"

मार्तीझनं भिंग लावलं. मग ते खाली घेतलं. मग ती तिथल्याच दगडावर बसली आणि पोट धरून हसली.

"अरे बाबा... साखर म्हणजे झाडाची राळ, चिकट असते रे, दाण्यादाण्याची. हे जाळं आहे जाळं! कोळ्यांनी तुझ्या झाडांवर गाव वसवलंय आणि तू त्यांच्या पताका बघून खूश होतोयस!"

'अहो'चं 'अरे' केव्हा झालं ते दोघांनाही कळलं नाही. विस्तीनचं हसू मात्र मावळलं. त्यानं भिंग घेतलं, डोळा बारीक केला, आणि एकदम एक पाऊल मागे सरला.

"ईऽऽ! चालतात ते!"

"चालतात, खातात, अंडी घालतात. आणि वारा आला की धाग्याला लोंबकळून कठडा ओलांडतात. चोर तुझ्या घरात पोसलास आणि दरोडा माझ्याकडे पडला."

"मग आता? उपटून टाकू?"

"एवढ्यात हातपाय गाळतोस? अजून वेळ गेली नाही." मार्तीझ उठली. तिचा आवाज जरा उतरला. "तुझी गेली तर तुझी हौस जाईल. माझी गेली तर माझ्या बापाची झोप जाईल."

मग तिनं सांगितलं. तिचा बाप नेनू, खाणीत दगड अंगावर पडून पाठीनं कामातून गेलेला. गोळ्यांनी नुसत्या उलट्या व्हायच्या. या झाडांचं तेल ती घरीच काढायची, दोन थेंब जिभेखाली, तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा डोळा लागायचा. चार झाडांचं तेल वर्षाला बेताचं पुरायचं. एक मेलं की वर्षातली पाव झोप गेली.

"म्हणून औषधबिवषध नाही मारायचं," ती म्हणाली. "निंबोळीचं तेलही नाही, मंजिऱ्या धरल्यात आता. जे झाडावर जाईल ते माझ्या बापाच्या तोंडात जाणार."

विस्तीननं करवतीची वायर गुंडाळली. "खोली राहू दे. मला काय करायचं ते सांग."

असं एका दमात ऐकणारा पुरुष मार्तीझनं याआधी पाहिलाच नव्हता. तिनं त्याला एकदा वरून खाली पाहून घेतलं. धुळीखाली माणूस बरा असावा, असं तिला वाटलं.

सकाळी कामाला जायच्या आधी पाण्याचा जोरकस फवारा, पानांच्या पाठीवर, खालून वर. जास्त खराब पानं तोडून, पिशवीत बांधून बाहेर. ऊन उतरलं की साबणाचं पाणी, पण मंजिऱ्या वाचवून. विस्तीनकडे पाठीवरचा पंप होता, तो कठड्यावरून इकडून तिकडे फिरायचा. आणि हवेत ओलावा राहावा म्हणून झाडांभोवती दोऱ्या बांधून ओल्या चादरी टांगलेल्या. रस्त्यावरून झाडं दिसता कामा नयेत हाही कायदाच, तोही त्यात आपसूक पाळला गेला.

त्या चादरींनी मात्र घोटाळा केला. सुती ओल्या कापडाच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला तो. वारा आला की चादर त्याच्या खांद्यावर चिकटायची आणि खांद्याचा आकार तिला दिसायचा. मग ती उगीचच त्याच पानावर पुन्हा पाणी मारायची.

"मार्तीझ, ते पान आता बुडेल," चादरीमागून आवाज यायचा.

"तू तुझ्या पानांकडे बघ."

"माझी पानं बघवत नाहीत. तुझ्याच बाजूला बघण्यासारखं आहे."

"पानं ना?"

"...पानंच."

गालातल्या गालात ती हसायची. आवडला होता तिला तो, उगाच नाही कशाला म्हणायचं! पण सांगायची घाई तिला नव्हती. आधी झाडं.

पाणी आणि साबणानं कोळी कमी झाले, हटले नाहीत. तेव्हा एका दुपारी मार्तीझ पॉलीहाऊसमधून एक बाटली घेऊन आली. आत भुशासारखं काहीतरी. तिनं चिमूटभर विस्तीनच्या तळहातावर ओतलं आणि भिंग धरलं. भुशातून नारिंगी रंगाचे, लांब पायांचे, भलतेच चपळ जीव धावायला लागले.

"हे पण कोळीच?"

"कोळी खाणारे कोळी. मित्रकीड. एकेक पठ्ठ्या दिवसभर त्यांनाच खातो, झाडाला तोंड लावत नाही. खायला संपलं की आपोआप जातो."

"असा जावई मिळायला हवा," विस्तीन म्हणाला.

"जाणारा?"

"न मागता कामाला लागणारा." त्याची बोटं तिच्या बोटांखालीच होती, आणि त्यानं ती हलवली नाहीत. किडे अंगठ्यावर चढले तरी हलवली नाहीत.

दोघांनी आठही झाडांवर भुसा भुरभुरला. "आता एक लक्षात ठेव," मार्तीझनं बजावलं, "साबण बंद. साबण शत्रू ओळखत नाही आणि मित्रही ओळखत नाही. ह्यांच्यावर पडला की सगळं मुसळ केरात."

विस्तीनच्या झाडांवर कोळ्यांची चंगळ होती, म्हणून मित्रकीडही तिथेच माजली. "माझ्याकडे पंगत मोठी," तो ऐटीत सांगायचा. मार्तीझच्या झाडांवर ती बेतानंच वाढत होती, पण वाढत होती. नवी पानं हिरवी येऊ लागली. नेनू रोज जिन्याच्या तळाशी उभा राहून विचारायचा, "जगतील का गं?" आणि ती वरून ओरडायची, "जगतील म्हणजे? नाचतील!"

नेनूला एकच गोष्ट खुपत होती. गावात वाजंत्र्यांचे बँड दोन, लाल आणि निळा, प्रत्येक घर त्यांतल्या एकाचं, आणि चर्चची जत्रा आली की सख्खे भाऊही रस्त्याच्या दोन कडांनी चालायचे. नेनू जन्माचा लाल. विस्तीनचं अख्खं घराणं निळं.

"पोरगा बरा आहे," नेनू म्हणायचा, "पण काय करणार, जात्याच निळा."

मग ती उष्णतेची लाट आली. पॉलीहाऊसमध्ये माणसं भोवळ येऊन पडायला लागली, म्हणून दुपारीच सगळ्यांना घरी सोडलं. मार्तीझ धापा टाकत गच्चीवर आली. चारही झाडं निथळत होती. पानापानावर फेस. तिनं एक पान उलटलं, भिंग लावलं. नारिंगी जीव पाय आखडून मेलेले. सगळे. कठड्याला टेकून विस्तीनचा पंप उभा होता, आणि कठड्यापलीकडे विस्तीन.

"साबण मारलास?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "विस्तीन, साबण मारलास तू?"

त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या दाराकडे गेली. क्षणभरच. मग तो म्हणाला, "हो. मीच. मला वाटलं... मदत होईल."

"मदत! बजावून सांगितलं होतं ना? कान आहेत की दगडात कोरलेत? बाटली पुन्हा महिन्याभरात मिळायची नाही, या उन्हात वाटेतच मरतात हे जीव. चार दिवसांत मंजिऱ्यांवर जाळी चढतील. माझा बाप तळमळत राहील वर्षभर, तुझ्या मदतीपायी!"

तो मान खाली घालून उभा राहिला. याचाच तिला जास्त राग आला. पंप उचलून तिनं त्याच्या गच्चीत आदळला आणि खाली निघून आली. रागानं रडू येतं ना, तसं आलं तिला. झाडांसाठी आलं तेवढंच त्याच्यासाठीही.

संध्याकाळी ताटावर नेनूचा घास हलेना. पाव रश्श्यात बुडवतोय, बुडवतोय, पाव विरघळून गेला.

"पा, पाठ दुखतेय का?"

"पाठ कसली दुखते! मन खातंय." नेनूनं चमचा खाली ठेवला. "मी मारलं ते पाणी."

"काय?"

"तू रोज मरमर मरतेस. म्हटलं, आज आपण चढावं. किती वर्षांनी जिना चढलो मी, मार्तीझ! तू करतेस तसंच केलं, साबण, पंप, खालून वर. एकेक पान धुतलं. तुला चकित करायला जिन्याच्या दाराआड उभा राहिलो, आणि तू त्या पोरावर तुटून पडलीस. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मीच. आणि मी?" म्हाताऱ्यानं ताट दूर सारलं. "मी जिभेला कुलूप घालून उभा. उभ्या जन्मात निळ्यांचे उपकार घेतले नव्हते. तेही घेतले."

मार्तीझ उठली. बापाच्या टकलावर तिनं ओठ टेकले, "एकेक पान धुतलंस? मग छान धुतलंस," म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाली.

वर अजून उजेड होता. ओल्या चादरींच्या आत, तिच्याच झाडांपाशी, विस्तीन गुडघ्यांवर बसला होता. तिच्या हिरव्या पानांवर तो दुसरी, मरगळलेली पानं ठेवत होता आणि दोऱ्यानं अलगद बांधत होता. एका फांदीवर एक, मग दुसरीवर एक. पाठमोरा, ओठात दोरा धरून.

"काय करतोयस?"

तो दचकला. "पाण्यानं धुऊन घेतली मी आधी, साबण सगळा गेला, सुकूही दिलीत. मग म्हटलं... माझ्याकडची मित्रकीड तर जिवंत आहे. पानांसकट इकडे आणली, तर इकडे उतरेल. उतरेल ना?"

मार्तीझनं भिंग लावलं. बांधलेल्या पानावरून एक नारिंगी पठ्ठ्या उतरला, देठावर थबकला, आणि तिच्या झाडाच्या पानाखाली तरातरा निघून गेला.

"उतरेल," ती कशीबशी म्हणाली. मग तिनं कठड्यापलीकडे पाहिलं. ऑलिव्ह तेलाचे चार डबे रिकामे होते. शेजारी चार उघडेबोडके सांगाडे पिशवीत बांधून ठेवलेले. "विस्तीन... तुझी झाडं?"

"पान न पान काढल्यावर उरलं काय? आणि ती राहिली असती तर तिथूनच पुन्हा लाल कोळी आले असते तुझ्याकडे."

"पण तुझी हौस..."

"हौस काय, पुढच्या वर्षी." त्यानं ओठातला दोरा काढला. कानापर्यंत लाल झाला होता तो, निळ्या घराण्यातला असून. "आणि नाहीतरी... घरटी चारच ना?"

"तुझं घर वेगळं आहे."

"आहे," विस्तीन म्हणाला. "सध्या."

चादर हलली. कुठेतरी लांब बँडचा सराव चालू होता, एकच धून पुन्हा पुन्हा चुकत होती. मार्तीझच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की तिला वाटलं, आता भिंगाशिवायही दिसेल.

"शिव्या मात्र," ती म्हणाली, "फुकट खाल्ल्यास. का सांगितलं नाहीस, माझ्या बापानं साबण मारला म्हणून?"

"नेनूकाकांचा चेहरा बघितला असतास तर तूही नसतं सांगितलंस. इतके खूश होते ते, वर चढून आले म्हणून."

तिनं त्याच्या गालावरची धूळ अंगठ्यानं पुसली. खालचा गाल खरंच बरा होता. "आधी झाडं जगू देत," ती हळूच म्हणाली. "मग विचार. तोवर एक शब्द नाही."

आणि त्यानं पाळलं ते! सकाळ-संध्याकाळ चादरी भिजवायला यायचा, पानं उलटायचा, बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचा, त्या एकावर नाही. फक्त भिंग देताना हात जरा जास्त वेळ थांबायचा... तो दोघांचाही थांबायचा. आता नेनूही रोज जिना चढून यायचा, खुर्ची टाकून बसायचा, आणि निळ्या बँडचे कर्णे किती बेसूर आहेत यावर विस्तीनशी कडाकडा भांडायचा.

जत्रेच्या दिवशी सूर्य कलायला लागला तसा गाव गच्च्यांवर चढला. चर्चमागच्या माळावरून दारूकामाचे बार सुटायला लागले, धडाड् धडाड्, की भांडी थरथरावीत. मार्तीझ लाल झगा घालून झाडांत उकिडवी बसली होती. वरचं पान, खालचं पान. मंजिऱ्या भरदार, स्वच्छ. एक झाड, दुसरं, तिसरं. चौथ्याचं शेवटचं पान तिनं उलटलं. एकही लाल कोळी नाही. जाळ्याचा एक धागा नाही. दोनचार नारिंगी पठ्ठे उपाशीपोटी इकडेतिकडे हुंगत फिरत होते, बस्स. बापाची वर्षभराची झोप तिच्या डोळ्यांसमोर उभी होती, हिरवीगार.

ती उठली, झगा सावरला, आणि कठडा ओलांडून पलीकडे उतरली. विस्तीन निळा रुमाल गळ्यात बांधून उभा होता.

"जगली!" ती म्हणाली.

"काय?" धडाड्!

"झाडं! जगली! आता विचार!"

त्याला ओठ वाचता आले असावेत. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. बारांच्या आवाजात तिला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण कळायचं ते कळलं.

"हो!"

"काय?" धडाड् धडाड्! "मोठ्यानं बोल!"

मार्तीझनं छातीभर श्वास घेतला. "अरे बहिऱ्या, तुझ्याशी लग्न करीन म्हटलं!"

नेमके तेव्हाच बार थांबले होते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च्यांवरची सगळी डोकी वळली. कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, लालांनीही आणि निळ्यांनीही.

दुसरी कुणी असती तर चादरीत तोंड लपवलं असतं. मार्तीझनं चारी बाजूंना एकदा नजर फिरवली, "ऐकलंत ना? बरं झालं, घरोघर सांगत फिरायला नको," म्हणाली, आणि विस्तीनचा निळा रुमाल धरून त्याला जवळ ओढलं. त्याच्या ओठांवर अजून धुळीची चव होती. तिला ती आवडली.

"मार्तीझ!" जिन्यातून नेनूचा आवाज आला. "त्या निळ्याला घेऊन खाली ये. सशाचा रस्सा निवतोय, आणि तीन ताटं मी मघाशीच मांडलीत."